दीर्घ दुखापतीनंतरचे पुनरागमन : धावपटू केनेनिसा बेकेले यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

प्रास्ताविक :
क्रीडा-इतिहासाचे लेखन प्रामुख्याने पदके व विक्रम यांच्या आधारे होते. खेळाडू मैदानाबाहेर असतो तो काळ त्यात बहुधा कोराच राहतो. लांब पल्ल्याच्या धावपटूच्या बाबतीत मात्र या कोऱ्या काळावरच पुढील वाटचालीची दिशा अवलंबून असते. इथिओपियाचे धावपटू केनेनिसा बेकेले यांच्या उदाहरणावरून, पुनरागमनात नेमके काय परत मिळते आणि काय मिळत नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

पूर्वपीठिका :
अर्सी प्रदेशातील बेकोजी येथे १९८२ मध्ये जन्मलेल्या बेकेले यांनी ५,००० मीटर (१२ मिनिटे ३७.३५ सेकंद, हेंगेलो, २००४) व १०,००० मीटर (२६ मिनिटे १७.५३ सेकंद, ब्रसेल्स, २००५) या शर्यतींचे विश्वविक्रम केले. बीजिंग ऑलिंपिक (२००८) व बर्लिनची जागतिक स्पर्धा (२००९) या दोन्ही ठिकाणी त्यांनी या दोन्ही शर्यती जिंकल्या. अखेरच्या फेरीत एकाएकी वाढणारा वेग हे त्यांचे मुख्य सामर्थ्य होते. जानेवारी २०१० नंतर मात्र पोटरीच्या दुखापतीमुळे ते सुमारे १९ महिने स्पर्धांपासून दूर राहिले.

खंडाचे शारीरिक परिणाम :
एडवर्ड कॉईल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, सराव थांबल्यावर पहिल्या १२ ते २१ दिवसांत शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी घटते. ५६ दिवसांनंतर ही घट १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे मात्र बव्हंशी टिकून राहते. म्हणजेच अनेक वर्षांच्या सरावातून उभा राहिलेला पाया खंडामुळे पूर्णतः नष्ट होत नाही. तथापि, स्नायू व कंडरा यांची आघात सोसण्याची शक्ती हृदय-फुप्फुसांच्या क्षमतेपेक्षा सावकाश परतते. पुनरागमनातील खरा धोका या तफावतीतच असतो : दम परत आलेला असतो, पाय मात्र तयार नसतात.

पुनरागमनाचे टप्पे :
२८ ऑगस्ट २०११ रोजी देगू येथील जागतिक स्पर्धेत बेकेले यांना १०,००० मीटरची शर्यत अर्ध्यावरच सोडावी लागली. या अंतराच्या शर्यतीतील हे त्यांचे पहिलेच अपयश होते. त्यानंतर अवघ्या १९ दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, ब्रसेल्स येथे त्यांनी हेच अंतर २६ मिनिटे ४३.१६ सेकंदांत पार करून शर्यत जिंकली. दीर्घ पल्ल्याची क्षमता परतल्याचा हा निःसंदिग्ध पुरावा होता.

लंडन ऑलिंपिकमध्ये (२०१२) मात्र ते २७ मिनिटे ३२.४४ सेकंद वेळेसह चौथे आले. ही वेळ ब्रसेल्सपेक्षा ४९ सेकंदांनी अधिक होती आणि विजेते मो फराह त्यांच्यापुढे केवळ दोन सेकंद होते. शर्यत संथ होती. तिचा निकाल अखेरच्या फेरीतील वेगाने लावला. यावरून दम परतला, पण निर्णायक वेग पूर्वीच्या धारेने परतला नाही, असे दिसते. अर्थात वाढत्या वयाचा वाटाही येथे नाकारता येत नाही.

पुढे बेकेले मॅरेथॉनकडे वळले. एकसारखी गती दीर्घकाळ टिकवणे हे या शर्यतीचे मर्म होय. पॅरिस येथे २०१४ मध्ये त्यांनी २ तास ५ मिनिटे ४ सेकंद वेळ नोंदवून पहिलीच मॅरेथॉन जिंकली. जानेवारी २०१५ मध्ये दुबईत टाचेमागील कंडरेच्या दुखापतीने त्यांना पुन्हा थांबावे लागले. तरीही बर्लिन येथे २०१६ मध्ये २ तास ३ मिनिटे ३ सेकंद, तर २०१९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, २ तास १ मिनिट ४१ सेकंद अशी वेळ त्यांनी दिली. तत्कालीन विश्वविक्रम त्यापेक्षा अवघ्या दोन सेकंदांनी सरस होता.

समारोप :
बेकेले यांचे ट्रॅकवरील दोन्ही विश्वविक्रम २०२० मध्ये जोशुआ चेप्तेगेई यांनी मोडेपर्यंत अबाधित राहिले. दुखापतीनंतर स्वतः बेकेले यांनाही ते पुन्हा गाठता आले नाहीत. तरीही त्यांचे पुनरागमन अयशस्वी ठरत नाही. पुनरागमन म्हणजे गतवैभवाची जशीच्या तशी पुनःस्थापना नव्हे, तर शिल्लक राहिलेल्या सामर्थ्याला अनुरूप क्षेत्राची निवड होय. धावपटूचे मूल्यमापन केवळ जुन्या वेळांच्या मोजपट्टीने केल्यास इतिहासलेखन अपुरे ठरेल, हेच या उदाहरणातून स्पष्ट होते.