जखमेचे होन, म्हातारपणाची गोळी

शिपाई लढाईत पडला तर त्याच्या घराचं काय करायचं, हे राज्यकर्त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो पडला नाही, धडधाकट घरी आला, पुढे त्याचे गुडघे गेले, बायकोला शुगर निघाली, तर काय करायचं? या प्रश्नाचं सरकारी उत्तर आपल्याकडे १ एप्रिल २००३ रोजी मिळालं. त्याचं पूर्ण नाव ‘एक्स-सर्व्हिसमेन कॉन्ट्रिब्युटरी हेल्थ स्कीम’. फौजी घरांत एवढं लांब कोणी बोलत नाही. तिथे ती ‘ईसीएचएस’, आणि रोजच्या व्यवहारात नुसतं ‘कार्ड’: कार्ड घेतलंस का, कार्डावर आईचं नाव चढलं का.

या कार्डाचं कूळ शोधायला दिल्लीच्या फायलींपेक्षा तंजावर बरं. माझ्या मते त्याला दोन घराणी आहेत. एक मेलेल्या आणि जखमी शिपायाची भरपाई करणारं, दुसरं आजारी माणसाला औषध देणारं. शेकडो वर्षं ही घराणी शेजारी राहिली, पण त्यांची सोयरीक काही झाली नाही. आणि दोन्हींच्या खुणा कावेरीच्या या मुलखात, नाहीतर त्याच्या आसपास, दाखवता येतात.

पहिलं घराणं जुनं. तमिळ मुलखातल्या शिलालेखांत ‘उदिरप्पट्टी’ नावाचं दान येतं. लढताना मेलेल्याच्या वारसांना दिलेली ही जमीन, अक्षरशः रक्ताची जमीन. कानडीत तेच ‘नेत्तरु कोडगे’. राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पुरं केलेलं बृहदीश्वराचं देऊळ तंजावरात उभं आहे. त्याच्या भिंतींवर चोळांच्या पलटणींची नावं कोरलेली आहेत. फौज ही राज्याची मोजदाद ठेवण्याजोगी गोष्ट होती, हे त्यावरून कळतं. त्याच देवळात १८०३ साली तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मराठी माणूस तंजावरला गेला की आधी तो लेख शोधतो आणि पलटणींची नावं पाहायची राहून जातात.

मराठ्यांकडे हेच घराणं ‘बालपरवेशी’ या नावाने नांदलं. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस राजाराममहाराजांसाठी लिहिली, तीही जिंजीला, म्हणजे आजच्या तमिळनाडूतच. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजीमहाराजांनी काय केलं हे सांगताना तो हिशेबनिसासारखा नेमका होतो. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतलं. मुलगा नसेल तिथे बायकोला अर्धं वेतन बांधून दिलं. जखमींना पंचवीस, पन्नास, शंभर, दोनशे होन दिले, ज्याची जशी जखम तसे. या यादीत हुद्दा कुठे दिसत नाही. माप जखमेचं आहे. हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे. ज्याला जखम झाली नाही आणि जो नुसता थकला, त्याच्यासाठी मात्र या यादीत रकाना नाही. साहजिक आहे. त्या काळी शिपाई शेतीवरून मोहिमेवर जाई आणि मोहिमेवरून शेतीवर येई. त्याचं म्हातारपण भावकीच्या गळ्यात.

दुसरं घराणं औषधाचं. कांचीपुरमजवळच्या तिरुमुक्कूडल गावी वीरराजेंद्र चोळाच्या काळातला, म्हणजे अकराव्या शतकातला एक लेख आहे. त्यात पंधरा खाटांच्या आतुरशाळेची व्यवस्था लिहिली आहे. एक वैद्य, एक शस्त्रक्रिया करणारा, औषधी आणणारी माणसं, शुश्रूषा करणाऱ्या बायका, न्हावी, आणि साठ्यात ठेवायच्या औषधांची नावानिशी यादी. उपचार कोणावर? देवळाचे नोकर आणि तिथल्या पाठशाळेचे विद्यार्थी यांच्यावर. आजच्या भाषेत ही नोकरदारांची आरोग्य योजनाच, लाभार्थी ठरलेले आणि औषधांची यादी ठरलेली. त्या लाभार्थ्यांत सैनिक नाहीत.

हे घराणं मराठ्यांच्या तंजावरात बहरलं. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतलं आणि त्यांच्या वंशजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली. तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडूला सरफोजींनी १८०२ मध्ये बांधलेलं मुक्तांबाळ छत्र आजही आहे. छत्र म्हणजे नुसती जेवणावळ नव्हे. तिथे वैद्य असे, सापाच्या विषावर उतारा देणारा जाणकार असे, वाटेत अडलेल्या बाळंतिणीची सोय असे, आजारी यात्रेकरू मेला तर त्याची क्रिया होई. हे सगळं सरफोजींनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहून कळवलं होतं. १७९९च्या तहाने राज्य कंपनीकडे गेलं, राजांच्या हाती किल्ला आणि आसपासचा थोडा भाग राहिला. तहाच्या बोलण्यांत त्यांचा जीव अडकला होता तो या छत्रांत. किल्ल्यात त्यांनी धन्वंतरी महाल चालवला. सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि इंग्रजी अशा चारही वाटांचे जाणकार तिथे एका छपराखाली होते. डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात राहिल्या आहेत. पण गंमत पाहा. फौज गेल्यावर दवाखाना फुलला. राजाकडे शिपाई होते तेव्हा त्यांच्यासाठी रक्ताची भरपाई होती. शिपाई गेले तेव्हा औषध आलं, ते वाटसरूंसाठी.

शिपाई गेले ते कंपनीकडे. कंपनीच्या दयेलाही रंग होता. मीर जाफरने मृत्युपत्रात ठेवलेले पाच लाख रुपये क्लाइव्हने १७७०मध्ये एका निधीत घातले. अपंग झालेले अधिकारी, गोरे सैनिक आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी तो निधी होता. बंगालच्या नबाबाचा पैसा, आणि त्यातून देशी शिपायाला छदाम नाही. पुढे देशी शिपायालाही ‘इनव्हॅलिड’ ठरवून पेन्शन मिळू लागली. मद्रासच्या पलटणींत मेलेल्या शिपायांची पोरं ‘पेन्शन बॉय’ म्हणून पगारावर ठेवली जात, मोठी झाली की फौजेत घेतली जात. बालपरवेशीच, फक्त इंग्रजी नावाने. पण पेन्शनरच्या बायकोला ताप आला तर पलटणीच्या डॉक्टरचा तिच्याशी संबंध नव्हता.

सातारा आणि कोकणातल्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिशिला आहेत. त्यावर दोन आकडे असतात: या गावातून किती गेले आणि त्यातले किती पडले. वजाबाकी करून उरतात ते परतलेले. त्यांच्यासाठी १९१९मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड निघालं. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली सैनिक कल्याण कार्यालयं त्याच वंशातली. या बोर्डाने नोकऱ्या, जमिनी, मुलांची शिक्षणं पाहिली. औषध त्याच्या कक्षेत फारसं आलं नाही.

स्वातंत्र्यानंतर अडचण आणखी वाढली, आणि तिचं कारण फौजेच्या घडणीतच आहे. फौज तरुण ठेवायची म्हणून जवान पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवला जातो. मुलकी कारकून साठीपर्यंत सरकारी औषध घेतो. त्याच्यासाठी तर केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४मध्येच दिल्लीत सुरू झाली होती. जवानाच्या वाट्याला मात्र निवृत्तीनंतरची तीस-चाळीस वर्षं यायची ती लष्करी रुग्णालयात खाट रिकामी असेल तर. तमिळनाडूत मोठी लष्करी रुग्णालयं चेन्नईत आणि निलगिरीत वेलिंग्टनला. तंजावरहून चेन्नई साडेतीनशे किलोमीटरच्या घरात. छातीत कळ आलेल्या सुभेदाराने ‘खाट आहे का’ हे विचारायला तेवढं जायचं. पाचव्या वेतन आयोगानंतर निवृत्तांना महिना शंभर रुपये वैद्यकीय भत्ता मिळू लागला. नव्वदच्या दशकात लष्कराच्या समूह विम्यातून मोठ्या शस्त्रक्रियांसाठी एक योजनाही आली. ठिगळं होती ती.

डिसेंबर २००२मध्ये शासनादेश निघाला आणि दोन्ही घराण्यांची सोयरीक जमली. त्यात ‘कॉन्ट्रिब्युटरी’ हा शब्द होता. हुंडा वधूपक्षानेच द्यायचा, म्हणजे शिपायाने. पेन्शनप्रमाणे एकदाच वर्गणी भरायची, सुरुवातीला १,८०० ते १८,००० रुपये. तेवढ्यात नवरा, बायको, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील जन्मभरासाठी. २००३नंतर निवृत्त होणाऱ्यांना सभासदत्व सक्तीचं झालं. युद्धात पती गमावलेल्या वीरनारींना वर्गणी माफ. २०१७च्या अखेरीस दर बदलले: हवालदारापर्यंत ३०,०००, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार-मेजर) ६७,०००, अधिकाऱ्यांना १,२०,००० रुपये. वर्गणीबरोबर वॉर्डही ठरतो. हवालदारापर्यंत जनरल, जेसीओंना सेमी-प्रायव्हेट, अधिकाऱ्यांना प्रायव्हेट. सभासदाच्या बखरीतल्या यादीत जखम पाहून होन होते, इथे फीत पाहून खाट. जनरल वॉर्डातही इलाज तोच होतो, हे खरंच. तरीही मला हा भाग खटकतो.

वर्गणीवरून वाद होणारच होता. फुकट औषधाचं आश्वासन मोडलं, अशी निवृत्तांची भावना होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००६मध्ये घटनापीठाने निकाल दिला. वर्गणी घेणं बेकायदा नाही. मात्र १९९६च्या आधी जे निवृत्त झाले, त्यांच्याकडून ती घेऊ नये. कारण साधं. त्यांची पेन्शन जुन्या पगारांवर बेतलेली, तुटपुंजी. सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात गरीब, दोन्ही तेच.

योजनेची सुरुवातीला २२७ पॉलिक्लिनिकं मंजूर होती, २०१०मध्ये आणखी १९९ झाली. या विस्ताराचा फायदा छावण्यांपासून दूरच्या जिल्ह्यांना झाला. तंजावरातही आज पॉलिक्लिनिक आहे. शहराची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, पण हवाई दलाचं रीतसर ठाणं २०१३मध्ये झालं आणि २०२०मध्ये तिथे सुखोईंची तुकडी आली. ती पाहायला टीव्हीचे कॅमेरे येतात. पॉलिक्लिनिकच्या कामात बघण्यासारखं काही नाही. डॉक्टर कंत्राटी, प्रमुख बहुधा निवृत्त अधिकारी. रक्तदाबाच्या गोळ्या खिडकीवर मिळतात. साठ्यात नसेल तर चिठ्ठीवर ‘एनए’, म्हणजे ‘नॉट अव्हेलेबल’, लिहून मिळतं. मग औषध बाहेरून घ्यायचं आणि पैशांसाठी कागद जोडायचे. मोठा आजार असेल तर ‘रेफरल’ घेऊन करार केलेल्या खासगी रुग्णालयात जायचं. तिथे पेशंटने पैसे द्यायचे नाहीत, रुग्णालयाने बिल पाठवायचं. २०१२पासून बिलं ऑनलाइन जातात, तरी थकतातच. बिलं थकली की काही रुग्णालयं कार्ड पाहून तोंड फिरवतात. निवृत्तांच्या बैठकीत तक्रारी होतात त्या याच: एनए आणि थकलेली बिलं. बाकी योजना असावी का, असं कोणी विचारत नाही.

या सगळ्याला एक कुंपण आहे, पेन्शनचं. जवानाला ती मिळायला पंधरा वर्षं सेवा लागते. तेवढी न भरता घरी आलेला सामान्यतः कार्डाबाहेर. शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्यांना तरी २०१९मध्ये आत घेतलं. त्यानंतर तीन वर्षांनी अग्निपथ योजना आली आणि कुंपणाबाहेरची गर्दी वाढायची सोय झाली. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होणार, बाकीच्यांना सेवानिधीचे अकरा-बारा लाख रुपये. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएस नाही. सेवेत मृत्यू आला तर विम्याचे ४८ लाख, आणि तो कर्तव्यावर आला असेल तर वर ४४ लाख सानुग्रह. अपंगत्व आलं तर टक्केवारी पाहून ४४, २५ किंवा १५ लाख. पुन्हा जखमेचंच माप, आणि थकलेल्याला पुन्हा रकाना नाही. पंचवीस वर्षांच्या मुलाला औषधाचा विचार सुचत नाही, म्हणून आज कोणाला ते बोचत नाही. पहिल्या तुकड्या २०२२-२३च्या हिवाळ्यात प्रशिक्षणाला गेल्या होत्या. त्यातली मुलं साठीला पोचतील तेव्हा २०६० उजाडलेलं असेल. तंजावरच्या पॉलिक्लिनिकात तेव्हा सुखोईवाल्या म्हाताऱ्यांची रांग असेल, आणि त्याच ठाण्यावर चार वर्षं राबलेला अग्निवीर बाहेर दुकानातून रोख पैसे मोजून तीच गोळी घेत असेल.