कांसवाची पहिली चाल

इ. स. १९८३ मध्यें महाराष्ट्रांत विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाट मोकळी झाली आणि नगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, लोणी, संगमनेर व कोपरगांव या उसाच्या मुलखांत तीं उभीं राहिलीं. पुढें संगणक सर्वच शाखांत शिरला, तेव्हां शेतकऱ्यांच्या मुलांपुढें एक नवा उंबरठा आला : आज्ञावली लिहिणें.

त्या उंबरठ्यावर पुष्कळांचे पाय अडखळले. १९८५ सालीं बाजारांत आलेली सी प्लस प्लस ही भाषा जाणत्या कारागिरांसाठीं घडलेली. तींत एक ओळ पडद्यावर उमटवावयाची, तरी आधीं अर्थ न कळणारे कांहीं मंत्र उतरून घ्यावे लागतात. नवशिक्यास वाटतें, ही विद्या आपली नव्हे. वस्तुतः उणीव त्याच्या बुद्धींत नसते. पहिली पायरीच उंच असते.

ही पायरी उतरती करण्याचा मार्ग १९६७ मध्यें अमेरिकेंत सीमूर पॅपर्ट प्रभृतींनीं 'लोगो' भाषेनें दाखविला. तिच्यांतील कांसव आज्ञेप्रमाणें चालतें आणि मागें रेघ सोडतें. मुंबईच्या आय. आय. टी.तील प्राध्यापक अभिराम रानडे यांनीं हेंच कांसव सी प्लस प्लसच्या अंगणांत आणलें. त्यांच्या संग्रहाचें नांव 'सिंपलसीपीपी'; त्यावर आधारलेलें त्यांचें पाठ्यपुस्तक २०१४ मध्यें प्रसिद्ध झालें.

विद्यार्थी सांगतो : १०० पावलें पुढें जा, ९० अंश डावीकडे वळ, असें चार वेळां कर. पडद्यावर चौकोन उमटतो. कोन चुकला तर आकृति वांकडी होते आणि चूक डोळ्यांनीं दिसते. ३६० ला बाजूंच्या संख्येनें भागलें, कीं हवी ती समभुज आकृति मिळते. शाळेंतील भूमिति अशी कामास येते.

यावर आक्षेप असा, कीं कुबडीची संवय लागली तर पाय दुबळे राहतील. तो रास्त आहे. परंतु येथें 'रिपीट' हा सोपा शब्द मूळ भाषेंतील 'फॉर'वर चढविलेला मुखवटा आहे. कल्पना मनांत ठसली कीं तो उतरवितां येतो आणि विद्यार्थी खऱ्या भाषेंतच उभा असतो.

चांगल्या पांगुळगाड्याची परीक्षा हीच : मूल चालूं लागलें, कीं तो आपोआप मागें पडावा.