बाईच्या वळणाची अक्षरं

गेला महिनाभर आम्ही रेडिओवरच्या चौघीजणी संध्याकाळी जपानी अक्षरं गिरवतोय. घरचे हसतात, "आता जपानला निघालात की काय?" म्हणतात. तसं काही नाही. या अक्षरांची गोष्ट कळली आणि राहवेना.

जपानी भाषेला आधी स्वतःची लिपी नव्हती. ती चीनकडून घेतली. चिनी लिपीत हजारो अक्षरं, एकेकाला वेगळा अर्थ. कायदे, कारभार, पोथ्या सगळं त्यात, आणि ते शिकायचं पुरुषांनी. पुढे चिनी अक्षरं नुसत्या उच्चारासाठी वापरू लागले. भरभर लिहिताना ती झिजली, गोल झाली. नवव्या शतकात अशी हिरागाना लिपी तयार झाली. तिला 'ओन्नादे' म्हणत, म्हणजे बाईचा हात, बाईचं वळण. पुरुषही पत्रं, कविता तीत लिहीत. पण भारदस्त लिखाण म्हटलं की चिनीच.

साधारण हजार वर्षांपूर्वी दरबारात मुरासाकी शिकिबु नावाची बाई होती. लहानपणी तिचा भाऊ चिनी ग्रंथ शिकायचा, ही शेजारी बसून ऐकायची. तो अडखळायचा, हिला मात्र यायचं. वडील हळहळायचे, ही मुलगा असती तर! हे तिनंच रोजनिशीत लिहून ठेवलंय. मोठेपणी, चिनी वाचणाऱ्या बाईला लोक नावं ठेवतात म्हणून तिनं सोंग घेतलं. 'एक' हे अक्षरसुद्धा येत नाही असं दाखवलं. चिनीत एक म्हणजे काय, तर नुसती आडवी रेघ! आणि हीच बाई राणीला लपूनछपून चिनी कविता शिकवत होती. हे वाचलं तेव्हा आमच्यातली एक गप्पच झाली. लग्नानंतर दोन वर्षं तिनं सासरी वाचता येतं हे कळू दिलं नव्हतं.

मुरासाकीनं हिरागानात 'गेंजीची कथा' लिहिली, चौपन्न प्रकरणांची. जगातल्या पहिल्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतात. तिचं खरं नाव मात्र खात्रीनं कुणाला सांगता येत नाही. शिकिबु हे वडिलांच्या हुद्द्यावरून, मुरासाकी हे बहुधा कादंबरीतल्या बाईवरून. आपल्याकडे अमक्याची आई, तमक्याची सून म्हणतात, तसंच म्हणा.

तिच्याही आधीची, 935 सालच्या सुमाराची एक गोष्ट. की नो त्सुरायुकी हा अधिकारी तोसा प्रांतातून राजधानीला परतला. त्या प्रवासाची रोजनिशी त्यानं बाई होऊन, बाईच्या लिपीत लिहिली. तोसामध्ये वारलेल्या लहान मुलीचं दुःख त्यात पुन्हापुन्हा येतं. पुरुषांची रोजनिशी चिनीत असायची. हे दुःख मात्र त्यानं आपल्या बोलीत लिहिलं.

आता शिकण्याचं. मूळ अक्षरं सेहेचाळीस. पहिल्या दिवशी आम्ही घाबरलो होतो, पण क्रम ऐकला आणि हसू आलं. आ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. आपलीच बाराखडी वाटते ना? बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत मंत्र आणि सिद्धम् लिपी जपानला गेली, तिच्या अभ्यासातून हा क्रम बसला. 'प'च्या जागी 'ह' का, हा प्रश्न आम्हालाही पडला. अभ्यासक सांगतात की त्या 'ह'चा उच्चार फार पूर्वी 'प' होता. आजही 'हा'च्या डोक्यावर दोन बारीक रेघा दिल्या की 'बा' होतो, छोटं वर्तुळ दिलं की 'पा'. 'का'वर त्याच रेघा दिल्या की 'गा'. म्हणजे नवं अक्षर पाठ करायला नको.

पूर्वी एकाच उच्चाराची कितीतरी वळणं चालत. 1900 साली सरकारनं शाळांसाठी प्रत्येक उच्चाराला एकच अक्षर ठरवलं. आज जपानमधली मुलं आधी हिरागानाच शिकतात. मुलगा असो की मुलगी.

आमची गाडी 'म'च्या ओळीत आहे. 'मे' हे अक्षर 'बाई' या अर्थाच्या चिनी अक्षरापासून आलं. एक तिरकी रेघ, मग तिला छेदून जाणारा मोठा गोल फेरा. दिसायला सोपं, पण फेरा नीट वळत नाही. काल चौघींनी पाटीवर एकेक पान भरेल इतके काढले. उद्या पुन्हा तेच.