अहेरीत वाय-फाय ७ चा राउटर लावला, तरी स्पीड जैसे थे! असं का होतं?

माझा आतेभाऊ अहेरीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, सीईटीचे फॉर्म, सातबारा, पीक विमा, सगळं एकाच टेबलावर. बारावीचा निकाल लागला की दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मागच्या सीझनआधी त्याने हौसेने वाय-फाय ७ चा राउटर मागवला. साध्या राउटरच्या जवळपास चौपट किंमत. चार अँटेना, खोक्यावर मोठ्ठा आकडा, बीई ३६००. तिसऱ्या दिवशी त्याचा व्हॉइस मेसेज आला, "भाऊ, एवढा पैसा घातला, अन् स्पीड तेवढाच येऊन रायला. मले गंडवलं का काय?"

गंडवलं नव्हतं. राउटर अस्सल होता, आकडाही खोटा नव्हता. पण त्या आकड्याचा त्याच्या दुकानाशी संबंध फारच थोडा होता.

त्याचा प्लॅन ५० एमबीपीएसचा. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त सव्वासहा एमबी. एक जीबीची फाइल उतरवायला १६० सेकंद लागणार, म्हणजे पावणेतीन मिनिटं. जुन्या राउटरवर तेवढीच, नव्यावरही तेवढीच. बाहेरून येणारा पाइप अर्ध्या इंचाचा असेल तर घरात दोन इंची नळ बसवून टाकी लवकर भरत नाही. राउटरचं काम घराच्या आत सुरू होतं. तो इंटरनेट वाढवत नाही, आलेलं इंटरनेट खोल्याखोल्यांत वाटतो.

मग ३६०० हा आकडा आला कुठून? राउटर दोन वेगवेगळ्या लहरींवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झवर कागदोपत्री वेग ६८८, आणि ५ गिगाहर्ट्झवर २८८२. दोन्हींची बेरीज ३५७०, गोल करून ३६००. एकच फोन दोन्हीकडचा पूर्ण वेग घेईल आणि मध्ये एकही भिंत नसेल, अशी ही प्रयोगशाळेतली बेरीज आहे. सगळ्याच कंपन्या असंच लिहितात. मला विचाराल तर खोक्यावरचा हा आकडा वाचूच नये.

वाय-फाय ७ म्हणजे नेमकं नवीन काय?

वाय-फायला ४, ५, ६ असे सोपे नंबर २०१८ च्या शेवटी दिले गेले. त्याआधी ८०२.११एन, ८०२.११एसी अशी नावं होती, ती दुकानदारालाही पाठ नसायची. वाय-फाय ६ ची प्रमाणपत्रं २०१९ मध्ये आणि वाय-फाय ७ ची जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली.

सातव्या पिढीत तीन गोष्टी मोठ्या आहेत. एक, चॅनेलची रुंदी १६० वरून ३२० मेगाहर्ट्झ, म्हणजे दोन पदरी रस्ता चार पदरी झाला. दोन, त्याच लहरीत जास्त माहिती दाबून भरायची पद्धत. ही फोन राउटरच्या अगदी जवळ असतानाच चालते. तीन, मल्टी-लिंक ऑपरेशन, म्हणजे फोन एकाच वेळी दोन बँडवर जोडलेला राहतो, एकीकडे गर्दी झाली की दुसरीकडून डेटा येतो. यातली तिसरी गोष्ट मला खरी कामाची वाटते. कागदावरचा कमाल वेग ४६ जीबीपीएसपर्यंत जातो, पण तो कुणाच्याही घरात दिसणार नाही.

आता गंमत बघा. ३२० मेगाहर्ट्झचा तो चार पदरी रस्ता २.४ मध्येही नाही आणि ५ मध्येही नाही. तो आहे ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. आणि बीई ३६०० सारख्या स्वस्त वाय-फाय ७ राउटरमध्ये ६ गिगाहर्ट्झ नसतोच! तो ड्युअल बँड असतो. नाव सातव्या पिढीचं, पण त्या पिढीचा सगळ्यात मोठा फायदा खोक्यातच नाही. आतेभावाची गफलत इथे झाली होती.

६ गिगाहर्ट्झचं भारतातलं घोडं

भारतात २.४ गिगाहर्ट्झ २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळा केला गेला. ६ गिगाहर्ट्झवर मात्र बरीच वर्षं ओढाताण चालली. मोबाइल कंपन्यांना हा पट्टा ५जी आणि पुढे ६जी साठी हवा होता, तंत्रज्ञान कंपन्यांना वाय-फायसाठी, आणि उपग्रहांची सेवा तिथे आधीपासून होतीच. अमेरिकेने २०२० मध्ये तब्बल १२०० मेगाहर्ट्झ वाय-फायला देऊन टाकले. युरोपने २०२१ मध्ये खालचे ४८० दिले.

आपल्याकडे या उशिराचा फटका गेमिंगवाल्यांना बसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनीचा पीएस५ प्रो जगभर आला, भारतात आला नाही. कारण त्यात वाय-फाय ७ होतं आणि ६ गिगाहर्ट्झला इथे परवानगी नव्हती.

मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने मसुदा काढला आणि २०२६ च्या सुरुवातीला नियम आले. ५९२५ ते ६४२५ हा ५०० मेगाहर्ट्झचा खालचा तुकडा परवानामुक्त. अट अशी की घराच्या आत कमी ताकदीने वापरा; बाहेर चालतील ती अगदीच क्षीण ताकदीची उपकरणं. या ५०० मध्ये ३२० चा पूर्ण चॅनेल एकच बसतो. अमेरिकेत एकमेकांवर न चढणारे तीन बसतात. म्हणूनच कुणाचा मामा न्यूजर्सीहून राउटर आणून देत असेल तर जरा थांबा. तिकडचा राउटर ६४२५ च्या वरच्या लहरीही वापरतो, आणि त्या आपल्याकडे मोकळ्या नाहीत.

जंगलाचं गणित उलटं असतं

अहेरीबद्दल ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेला, प्राणहिता नदीच्या काठावरचं हे तालुक्याचं गाव. नदीपलीकडे तेलंगणा. बाजारात मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू, सगळं ऐकू येतं. जिल्ह्याचं ठिकाण शंभरहून जास्त किलोमीटरवर, शेजारी आलापल्लीचं सागवान. इतक्या जंगलातून एकाच रस्त्याच्या कडेने केबल आली असेल, तर जेसीबीचा एक दात चुकीच्या जागी पडला की दिवसभराची सुट्टी.

लहरींचा नियम साधा आहे. वारंवारता जितकी जास्त, तितकी भिंत, झाडं आणि ओल तिला लवकर अडवतात. २.४ गिगाहर्ट्झ दोन भिंती ओलांडून अंगणात पोहोचेल. ५ मागच्या खोलीत धापा टाकेल. ६ त्याच खोलीत राहील. शहरातल्या फ्लॅटमध्ये हा फायदाच आहे, कारण शेजारच्या वीस राउटरांचा गोंगाट भिंतीपाशीच थांबतो. अहेरीतल्या ऐसपैस घरात, जिथे आजूबाजूला दोन-तीनच वाय-फाय दिसतात, गोंगाट मुळात नसतोच. अडचण असते ती पोहोचण्याची.

म्हणून महाराष्ट्रात जंगल आणि आदिवासी भागात नवं वायरलेस तंत्रज्ञान वापरलं गेलं, तेव्हा दिशा बरोबर उलटी होती. मेळघाटातलं हरिसाल आठवतंय? २०१६ च्या सुमारास राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने त्याला डिजिटल गाव केलं. तिथे टीव्ही चॅनेलांच्या मधल्या रिकाम्या लहरी वापरून इंटरनेट नेलं होतं. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानेही पालघरमधल्या गावांत याच लहरी तपासल्या. या लहरी १ गिगाहर्ट्झच्याही खूप खाली असतात, वेग कमी, पण झाडी ओलांडून लांब जातात. गावापर्यंत इंटरनेट आणायला हे लागतं. वाय-फाय ७ हे काम करतच नाही, ते त्याच्यासाठी बनलेलंच नाही.

गडचिरोलीत आता उपग्रहाचीही चर्चा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोली आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांची नावं होती. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. आकाशातून इंटरनेट आणणाऱ्या या कंपनीचा तिसऱ्या पिढीच्या डिशसोबत येणारा राउटर वाय-फाय ६ चा आहे.

मग घ्यायचा की नाही?

प्लॅन ३०० एमबीपीएसच्या आत असेल तर स्पीडसाठी वाय-फाय ७ घेऊ नका. चांगला वाय-फाय ६ पुरून उरतो. एकाच वेळी दहा-पंधरा फोन जोडलेले असताना प्रत्येकाला थोडं थोडं देण्याची युक्ती सहाव्या पिढीतच आलेली आहे. शिवाय फोनही त्याच पिढीचा लागतो. गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा किंवा आयफोन १६ असेल तर ठीक, दुकानात रांगेत उभ्या पोरांच्या फोनमध्ये सहसा वाय-फाय ५ असतं, कधीकधी ४.

घाईने घेणाऱ्यांचे हाल आधीही झालेत. ८०२.११एनचे राउटर २००६ पासूनच बाजारात आले, मानक पक्कं व्हायला २००९ चा सप्टेंबर उजाडला. सुरुवातीच्या त्या राउटरांपैकी काहींचं दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपशी जमायचंच नाही. वाय-फाय ७ मध्ये तेवढा घोळ नाही, पण मल्टी-लिंक प्रत्येक राउटरवर आणि फोनवर सारखं चालत नाही.

घ्यायचाच असेल तर खोक्यावर 'ट्राय बँड' आणि ६ गिगाहर्ट्झ लिहिलंय का बघा, आणि भारतात विकायला आलेलंच मॉडेल घ्या. तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही : अडॅप्टर उलटा करून वाचा. जुने राउटर बहुतेक १२ व्होल्ट १ अँपिअरवर चालायचे. नवे २ किंवा त्याहून जास्त मागतात. तुमचा छोटा राउटर यूपीएस तेवढा देत नसेल तर लाइट गेली की राउटर बंद-चालू होत राहणार. पावसाळ्यात अहेरीला लाइट किती वेळा जाते हे अहेरीकरांना सांगायची गरज नाही.

आतेभावाचा बॅकअप असाच फसला होता. शेवटी आम्ही फोनवर बसून साधा जुगाड केला. दुकानातले चारही कॉम्प्युटर लॅन केबलने थेट राउटरला जोडले, वाय-फाय फक्त गिऱ्हाइकांच्या फोनसाठी ठेवलं, राउटर कपाटामागून काढून उंच खिळ्यावर टांगला. यूपीएस बदलला. आणि जे पैसे पुढच्या वर्षी ट्राय बँड घ्यायला साठवणार होता, त्यातून दुसऱ्या कंपनीचं छोटं कनेक्शन घेतलं, पहिली केबल तुटली तर असावं म्हणून. सीईटीच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती तुटलीच. त्या रात्री साडेअकरापर्यंत तो फॉर्म भरत होता.