आजोबांचा कलमतराश

जुने घडीचे चाकू जमवण्याचा माझा नाद एका चुकीतून लागला. लहानपणी जळगावला आजोबांचा चाकू भंगारवाल्याला देऊन मी शेंगदाणे खाल्ले. ‘आता बोरू कशानं तासू?’ एवढंच ते म्हणाले.

अशा चाकूला कलमतराश म्हणत. बोरूचं टोक तिरपं कापून मधे चीर पाडायची, तेव्हा कुठे मोडीची वळणं नीट उतरत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून अशी दप्तरं वाचवली. १९२६ साली ते धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ निघालं. कागद राहिले. चाकू मात्र मोडीत गेले, माझ्यासारख्यांच्या हातून!

आज माझ्याकडे अकरा आहेत. एकावर चांदणी आणि क्रूस आहे, शेफील्डच्या रॉजर्सची खूण. आजोबांच्या चाकूवर कोणती होती, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.