सहा टिंबांची एकलिपी

एकलिपीचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. सावरकरांनी 'अ'च्या बाराखडीचा हिरिरीने प्रचार केला, विनोबांनी सर्व भारतीय भाषांसाठी नागरी लिपीचा पुरस्कार केला. परंतु आपापल्या अक्षरांच्या वळणांत ज्यांचा जीव गुंतला होता, त्या डोळस जनांत या मामल्याचा निकाल काही लागला नाही. ज्यांना अक्षराचे रूप दिसतच नाही, त्यांच्यापुरता तो १९५१ साली लागला, ही गोष्ट मात्र सुशिक्षितांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

ज्या ब्रेल लिपीने तो लागला, तिचे मूळ फ्रान्सच्या मुलखात आहे. लष्करी अधिकारी शार्ल बार्बिए याने बारा टिंबांची एक स्पर्शलिपी योजिली होती, आणि ती वर्णमालेवर नव्हे तर उच्चारांवर आधारलेली होती. खोगीर करणाऱ्या कारागिराचा अंध मुलगा लुई ब्रेल (१८०९-१८५२) याने बोटाच्या एका स्पर्शात मावतील अशी सहाच टिंबे ठेवून तिला वर्णमालेशी जोडले, आणि १८२९ साली आपली पद्धती प्रसिद्ध केली. सहा टिंबांच्या उलटसुलट मांडणीने ६३ चिन्हे सिद्ध होतात. युरोपीय वर्णमालांना ती पुरून उरली.

हिंदुस्थानात अंधशिक्षणाची सुरुवात मिशनऱ्यांनी केली. १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प यांनी, तर १९०० साली मुंबईत ॲना मिलार्ड यांनी अंधशाळा काढल्या. पुढे निरनिराळ्या प्रांतांत त्याच चिन्हांना निरनिराळे वर्ण चिकटवले गेले. मूळची पुस्तके तुटपुंजी, आणि जी होती तीही एका शाळेची दुसरीच्या उपयोगी पडेनात. अखेर १९४९ साली भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे नेला आणि १९५१ साली बैरुतच्या परिषदेनंतर 'भारती ब्रेल' मुक्रर झाले.

त्याचे तत्त्व साधे आहे: भाषा कोणतीही असो, एका वर्णाला एकच चिन्ह. मराठीतील 'क'ची टिंबे तीच बंगालीच्या आणि तमिळच्या 'क'ची. कागदावर उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दूसुद्धा येथे डावीकडून उजवीकडे वाचली जाते. आपल्या नागरीत 'कि'ची वेलांटी व्यंजनाच्या आधी बसते. ब्रेलमध्ये आधी 'क', मागून 'इ', म्हणजे मुखातून निघतात त्याच क्रमाने वर्ण बोटाखाली येतात. ब्रेलने बार्बिएचा जो उच्चाराधार सोडला होता, तो पाणिनीच्या देशात असा आडवाटेने परत आला.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. मुंबईच्या अंध विद्यार्थ्याने तमिळ पान चाचपून त्याचा उच्चार केला, म्हणून त्याला तमिळ समजली असे होत नाही. शिवाय भाषाविशिष्ट वर्णांचे काही अपवाद राहतातच. तरीही दुसऱ्या भाषेच्या दारात नव्या लिपीची जी पहिली पायरी आपल्याला अडवते, ती त्याला चढावी लागत नाही. हे ऐक्य आदर्शवादाने साधले नाही. दहा लिप्यांचे दहा छापखाने पोसण्याची ऐपत कोणाचीच नव्हती आणि अक्षराच्या सौंदर्याचा अभिमान धरण्याची चैन वाचणाऱ्याला परवडणारी नव्हती, म्हणून ते साधले.