वाळूखालच्या शेतांचा खंड

ता. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी बिहार हादरला, तेव्हा मुंगेर शहर विटांचा ढीग झाले. शेजारच्या जमालपूरचा रेल्वे कारखानाही सुटला नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे, आमची नजर प्रथम तिकडेच जायची. परंतु गंगेच्या उत्तरेस घडले ते निराळेच. मोतीहारी, सीतामढी, मधुबनी या पट्ट्यात घरे फुटण्यापेक्षा कलली, खचली, जमिनीत रुतली. खालची पाण्याने भरलेली वाळू हादऱ्यांनी पातळ झाली. मग भिंतींना आधार कशाचा? शेते भेगाळली, त्यांतून पाणी नि वाळू उसळली, विहिरी बुजल्या. साखर कारखाने मोडले, आणि ऊस तर शेतांत उभा!

पडलेले वाडे मोजता येतात. पण एवढ्या आपत्तीतही जमीनदार खंड वसूल करीतच आहेत, अशी कुळांची तक्रार होती. ती घेऊन स्वामी सहजानंद सरस्वती पाटण्यास गांधीजींना भेटले. दरभंग्याचे महाराज अडचणी दूर करतील, त्यांचे व्यवस्थापक काँग्रेसचेच आहेत, असे गांधीजी म्हणाले. गांधीजींविषयी आम्हांस आदर आहे. हे उत्तर मात्र आम्हांस पटलेले नाही. १९२० पासूनचा त्यांचा हा अनुयायी तेथूनच त्यांच्यापासून दूर झाला.